जुनी हार्ड डिस्क आणि तिचे केसिंग : घेण्यापूर्वी काय पाहावे?

आज बहुतेक पेढ्यांवर वही-खात्याच्या जोडीला एक लॅपटॉप असतो. पाच-सात वर्षे झाली की तो रेंगाळू लागतो. सकाळी बटण दाबावे, चहा मागवावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडद्यावर गोल चक्र फिरतच असते. मग कॉम्प्युटरवाला सांगतो की आतली हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, लॅपटॉप नव्यासारखा पळेल. सल्ला बरोबर आहे आणि नवा लॅपटॉप घेण्यापेक्षा त्यात खर्चही पुष्कळ कमी आहे. काम झाल्यावर तो जुनी डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आपल्या हाती देतो आणि आपण ती गल्ल्याच्या खणात टाकून देतो.

त्या पिशवीत काय आहे याचा विचार सहसा कोणी करीत नाही. मागील पाच-सहा वर्षांची बिले, कारखानदारांच्या मजुरीची खाती, सुताच्या आवक-जावकीचा हिशेब, जॅकार्डची डिझाइने, सारे काही त्यातच असते. जीएसटी कायद्याच्या (२०१७) कलम ३६ प्रमाणे हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही जास्त. ही झाली सरकारची बाजू. पण ज्यांचे आपल्याकडे घेणे निघते त्यांचाही हिशेब त्याच डिस्कवर असतो, आणि तो आपल्यापाशी अमानत असतो.

तेव्हा ही डिस्क पुन्हा वापरात आणायची असेल तर तिला एका पेटीत बसवावे लागते. इंग्रजीत तिला एन्क्लोजर म्हणतात, बाजारात मात्र ‘केसिंग’ म्हटले की दुकानदाराला कळते. एका बाजूने डिस्क आत बसते, दुसऱ्या बाजूने यूएसबीची वायर निघते, आणि लॅपटॉपच्या आतली डिस्क पेनड्राइव्हसारखी बाहेरून जोडता येते. वस्तू काहीशे रुपयांची आहे. म्हणूनच ती घेताना कोणी फारसा विचार करीत नाही. आम्हीही केला नव्हता.

टिक-टिक आवाज

आमच्या पेढीवरच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकली त्या वेळी जुनी १ टीबीची डिस्क आम्ही तिथल्याच दुकानातून केसिंगमध्ये बसवून घेतली. “सगळी सारखीच असतात, शेठ,” असे दुकानातला मुलगा म्हणाला. आम्ही कापडाचे व्यापारी. कोणी आम्हाला सगळी पॉपलीन सारखीच असते म्हणाला असता तर त्याला दुकानातून उठवले असते. पण इथे आम्ही मान हलवली आणि पैसे दिले.

दीड-दोन महिन्यांनी एक जुना कारखानदार आला. आठ मागांचा छोटा माणूस. आमचे सूत घेऊन पिकच्या मजुरीने विणून देणारा. त्याचे म्हणणे असे की, “शेठ, मागे एका लॉटची डॅमेज कपात दोनदा लागली आहे. एकदा बिलात आणि एकदा हिशेब फिटताना.” आम्हाला तसे आठवत नव्हते. हिशेब जुन्या डिस्कवर होता. केसिंग जोडले तर आतून टिक-टिक आवाज येऊ लागला. दिवा लागे, विझे, पुन्हा लागे, आणि पडद्यावर काहीच येत नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही ती डिस्क एका माणसाकडे नेली. त्याने आवाज ऐकूनच डिस्क मेली असे सांगितले आणि माहिती काढून देण्याचा जो आकडा सांगितला तो त्या कारखानदाराच्या कपातीच्या कित्येक पट होता.

आम्ही विचारात पडलो. एवढा खर्च करावा, की त्या माणसाला नाही म्हणावे? तो पुरावा आणू शकत नव्हता, कारण त्याच्याकडे कागद नव्हता. पुरावा आमच्याकडेच होता, आणि तो उघडत नव्हता. शेवटी घरातल्या भाच्याने ती डिस्क केसिंगमधून बाहेर काढली आणि एका डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या आतल्या वायरला सरळ जोडली. डिस्क क्षणात सुरू झाली. एकही फाइल खराब नव्हती. डिस्क मेली नव्हती. केसिंगची वायर तिला पुरेशी वीज पोचवत नव्हती.

खाते उघडून पाहिले. कपात दोनदाच लागली होती. ते पैसे त्याच आठवड्यात देऊन टाकले. पण भाचा नसता तर काय झाले असते, हा प्रश्न मनातून गेला नाही. त्यानंतर आम्ही या वस्तूची थोडी माहिती घेतली. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले. खोक्यावरची बारीक इंग्रजी अक्षरे समजून घ्यायला वेळ लागला, पण विषय फारसा अवघड नाही असे दिसून आले.

आधी डिस्क पाहा, मग केसिंग

कापडाचा पन्हा ठाऊक नसताना शर्टाला किती मीटर लागेल हे सांगता येत नाही. तद्वतच डिस्क पाहिल्याशिवाय केसिंग विकत घेऊ नये. शक्य असेल तर डिस्कच खिशात घालून दुकानात न्यावी, मात्र रुमालात गुंडाळून, आदळू न देता.

लॅपटॉपमध्ये वर्षानुवर्षे वापरली गेलेली डिस्क ‘अडीच इंची’ म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात तिची रुंदी सुमारे ७० मिलिमीटर आणि लांबी १०० मिलिमीटर असते. जाडी मात्र एकच नसते. आताच्या डिस्क व एसएसडी ७ मिलिमीटरच्या, त्यापूर्वीच्या पुष्कळशा ९.५ मिलिमीटरच्या आणि काही मोठ्या क्षमतेच्या त्याहूनही जाड असतात. केसिंगवर किती जाडीपर्यंतची डिस्क बसते ते लिहिलेले असते. पातळ डिस्क जाड केसिंगमध्ये चालते, फक्त ती हलू नये म्हणून सोबत येणारी फोमची पट्टी लावावी लागते. उलट मात्र जबरदस्ती करू नये.

मागच्या बाजूची जोडणी पाहावी. दोन चपट्या जिभा, एक आखूड व एक लांब, प्रत्येकीला टोकाशी काटकोनात वळण, अशी असेल तर ती सॅटा जातीची होय. आखूड जीभ माहितीची, लांब जीभ विजेची. त्याऐवजी सुयांच्या दोन ओळी दिसल्या तर डिस्क बरीच जुनी, साधारण २००५-०६ च्या आधीच्या लॅपटॉपमधली आयडीई जातीची समजावी. तिचे केसिंग वेगळे असते आणि आता ते शोधावे लागते.

गेल्या काही वर्षांच्या लॅपटॉपमध्ये मात्र अशी डिस्क नसतेच. तिच्या जागी एक उघडी हिरवी किंवा काळी पट्टी असते, फूटपट्टीच्या तुकड्याएवढी. तिला एम-टू म्हणतात. तिच्यावर २२८०, २२४२ किंवा २२३० असा आकडा असतो. पहिले दोन अंक म्हणजे २२ मिलिमीटर रुंदी, पुढचे दोन म्हणजे लांबी. इथे फसण्याची खरी जागा आहे. एकाच आकाराच्या एम-टू पट्ट्या दोन वेगळ्या जातींच्या असतात, एक सॅटाची आणि दुसरी एनव्हीएमईची. दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीचे केसिंग दुसरीला चालत नाही. जोडणीच्या टोकाला दोन खाचा असतील तर ती बहुधा सॅटा आणि एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण हेच की खाचेवरून पक्का निर्णय होत नाही. पट्टीवरचे लेबल वाचूनच खात्री करावी. दोन्ही जाती चालवणारी केसिंगही मिळतात, थोडी महाग असतात. पेढीवर वेगवेगळ्या वयाचे दोन-तीन लॅपटॉप असतील तर तीच घ्यावीत.

डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क आणली तर ध्यानात ठेवावे की तिला १२ व्होल्टही लागतात आणि ते साध्या यूएसबीतून मिळत नाहीत. तिच्या केसिंगला स्वतंत्र ॲडाप्टर असतो. आणि काही लॅपटॉपमध्ये साठवण मदरबोर्डवरच पक्की जोडलेली असते. तिथे केसिंगचा प्रश्नच उद्भवत नाही.

विजेचा हिशेब

आमचे नुकसान होता होता राहिले ते याच ठिकाणी, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

फिरती हार्ड डिस्क म्हणजे आत चकत्या आणि त्यांना फिरवणारी मोटर. माग चालू करताना मोटर जसा जोराचा झटका घेते तसेच इथेही होते. डिस्कच्या लेबलवर ५ व्होल्ट व ०.५ किंवा ०.७ अँपिअर असा आकडा दिसतो. तो चालू स्थितीतला असतो. चकत्या गती घेत असताना त्या काही सेकंदांपुरती गरज १ अँपिअरच्या आसपास जाते. आता देणाऱ्याची बाजू पाहा. यूएसबी २ च्या तोंडातून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर म्हणजे अर्धा अँपिअर मिळतो, यूएसबी ३ मधून ९०० मिलिअँपिअर. पुष्कळ लॅपटॉप याहून थोडे अधिक देतात म्हणून काम भागते. पण वायर लांब आणि आतून बारीक तारेची असली की वाटेतच व्होल्ट गळतात. डिस्क फिरायचा प्रयत्न करते, वीज अपुरी पडते, ती थांबते, पुन्हा प्रयत्न करते. टिक-टिक हा त्याचाच आवाज. खरोखर बिघडलेली डिस्कही असाच आवाज करते, आणि म्हणूनच नुसत्या आवाजावरून डिस्क मेली असे कोणी सांगितले तर ते मानू नये.

तेव्हा केसिंगसोबतची वायर आखूड, साधारण अर्ध्या मीटरच्या आत, आणि हाताला जाड लागणारी असावी. वायर केसिंगला कायमची जोडलेली नसून वेगळी निघणारी असावी, म्हणजे खराब झाली तर बदलता येते. जुन्या लॅपटॉपला यूएसबी २ च असेल तर एका टोकाला दोन तोंडे असलेली वायर मिळते. दोन्ही तोंडे लॅपटॉपमध्ये घालावीत, एकातून माहिती व वीज आणि दुसऱ्यातून फक्त वीज येते. एकाच तोंडाला चार वस्तू जोडणारा विनाॲडाप्टरचा हब मध्ये घालू नये. एसएसडीला मोटर नसल्याने ही अडचण कमी येते, पण अजिबात येत नाही असे नाही.

वेग आणि नावांचा गोंधळ

यूएसबी २ चा वेग कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात त्यातून ३० ते ४० मेगाबाइट जातात. अडीच इंची जुनी डिस्क स्वतः सेकंदाला १०० मेगाबाइटच्या आसपास देऊ शकते. म्हणजे ५०० जीबी माहिती उतरवायला यूएसबी २ च्या केसिंगने सुमारे चार तास आणि यूएसबी ३ च्या केसिंगने दीड तासाच्या आत. बाजारात यूएसबी २ ची केसिंग अजूनही मिळतात आणि थोडी स्वस्त असतात. ती घेऊ नयेत, मग लॅपटॉप जुना का असेना.

यूएसबी ३ ची गोष्ट मोठी गमतीची आहे. प्रथम त्याला ३.० म्हणत. पुढे त्याच वस्तूला ३.१ जेन १ म्हणू लागले, मग ३.२ जेन १. वेग तोच, ५ गिगाबिट. कापडाच्या एकाच ताक्यावर तीन वेळा नवे लेबल लावावे तसे झाले. म्हणून खोक्यावर ३.१ आहे की ३.२ आहे हे पाहण्यापेक्षा ५ गिगाबिट लिहिले आहे की १० गिगाबिट, एवढेच पाहावे.

फिरत्या डिस्कसाठी ५ गिगाबिट पुरेसे आहे. १० गिगाबिटवाल्याला जास्त पैसे देणे म्हणजे बैलगाडीसाठी हमरस्ता बांधणे. सॅटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट देऊ शकते, त्यातले ४०० च्या वर ५ गिगाबिटच्या केसिंगमधूनही मिळतात. पेढीच्या कामाला ते पुष्कळ झाले. एनव्हीएमई पट्टी असेल तर मात्र १० गिगाबिटच घ्यावे, तिथे सेकंदाला १००० मेगाबाइटच्या जवळपास वेग मिळतो. टाइप-सी हे नुसते तोंडाच्या आकाराचे नाव आहे. टाइप-सी तोंड आहे म्हणून वेग जास्तच असेल असे कोणी समजू नये.

आतला दलाल

केसिंगची खरी किंमत आतल्या एका छोट्या चिपमध्ये असते. डिस्कची भाषा सॅटा किंवा एनव्हीएमई, लॅपटॉपच्या तोंडाची भाषा यूएसबी. दोघांमध्ये बोलणी करून देणारी ही चिप म्हणजे आपल्या बाजारातला दलालच म्हणा ना. चांगला दलाल दोन्हीकडचा निरोप जसाच्या तसा पोचवतो. वाईट दलाल काही गोष्टी गिळतो, काही बदलून सांगतो.

पहिली गोष्ट यूएएसपी. ही माहिती वाहून नेण्याची नवी पद्धत आहे. विंडोज ८ पासून पुढे ती चालते. जुन्या पद्धतीत एक मागणी पुरी झाल्यावरच दुसरी घेतली जाते, यात अनेक मागण्या एकत्र दिल्या जातात. बारीक बारीक हजारो फाइली असतील, जशा आपल्या बिलांच्या असतात, तिथे फरक जाणवतो. खोक्यावर यूएएसपी लिहिलेले पाहावे.

दुसरी गोष्ट डिस्कच्या तब्येतीची. प्रत्येक डिस्क आपली तब्येत आतल्या आत नोंदवत असते. तिला स्मार्ट म्हणतात. किती तास चालली, किती जागा खराब होऊन बदलल्या, हे क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरने वाचता येते. हलकी चिप ही नोंद पुढे पाठवतच नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक. काही चिपा, विशेषतः २ टीबीवरच्या मोठ्या डिस्कच्या बाबतीत, डिस्कच्या खणांचे माप लॅपटॉपला बदलून सांगतात. डिस्क ५१२ म्हणते, चिप ४०९६ म्हणून कळवते. त्या केसिंगमध्ये भरलेली डिस्क मग दुसऱ्या केसिंगमध्ये घातली की कोरी दिसते. काही जुन्या चिपांना २ टीबीच्या पुढे मोजताच येत नाही. अशा वेळी विंडोज नम्रपणे विचारते की डिस्क फॉरमॅट करू का, किंवा इनिशियलाइज करू का? घाबरून किंवा घाईने होय म्हणणारे कित्येक आहेत. या प्रश्नाला कधीही होय म्हणू नये. ‘नको’ म्हणावे, वायर काढावी आणि डिस्क दुसऱ्या केसिंगमध्ये किंवा सरळ कॉम्प्युटरच्या आतल्या वायरला जोडून पाहावी.

चिपचे नाव दुकानात विचारले तर पुष्कळदा दुकानदार हसतो. तरी विचारावे. सॅटासाठी जेएमएस ५७८ किंवा एएसएम ११५३ई, एनव्हीएमईसाठी आरटीएल ९२१०, जेएमएस ५८३ किंवा एएसएम २३६२ ही नावे पुष्कळ केसिंगच्या माहितीपत्रकावर छापलेली असतात. आरटीएल ९२१०बी असेल तर ती एम-टूच्या दोन्ही जाती चालवते.

पेटी कशाची असावी

फिरत्या डिस्कला ॲल्युमिनियम किंवा चांगले प्लॅस्टिक, दोन्ही चालते. एनव्हीएमई पट्टी मात्र भरपूर तापते. तिला ॲल्युमिनियमचीच पेटी आणि पट्टी व पेटीच्या मध्ये बसणारी मऊ रबरी गादी हवी. ही गादी खोक्यात सुटी येते आणि लावायची राहून जाते.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या ठिकाणी कापसाचे बारीक तंतू हवेत सतत असतात. मोठ्या जाळीच्या पेटीत ते जाऊन बसतात, म्हणून बंद पेटी बरी. पण खुद्द हार्ड डिस्कवर एक बारीक छिद्र असते आणि शेजारी ते झाकू नका असे लिहिलेले असते. धुळीच्या भीतीने त्यावर चिकटपट्टी लावणारे आम्ही पाहिले आहेत. तसे करू नये. ते छिद्र आतल्या हवेचा दाब सारखा राखते आणि त्याला आतून गाळणी असते.

अदलाबदल कशी करावी

पुष्कळजण आधी एसएसडी बसवतात, तिच्यावर विंडोज नव्याने टाकतात आणि मग केसिंगचा विचार करतात. त्याऐवजी केसिंग आधी घ्यावे. त्यात प्रथम नवी एसएसडी बसवावी, लॅपटॉपला जोडावी आणि जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल तिच्यावर करून घ्यावी. मग लॅपटॉप उघडून नवी आत आणि जुनी केसिंगमध्ये. सारी सॉफ्टवेअरे व हिशेब जागच्या जागी राहतात आणि एकच केसिंग दोन कामे करते. अर्थात दोन्ही एकाच जातीच्या असल्या तरच.

नक्कल करायला क्लोनझिला हे मोफत सॉफ्टवेअर आहे. कित्येक एसएसडी कंपन्या स्वतःचेही देतात. नवी एसएसडी जुनीपेक्षा लहान नसावी, म्हणजे काम सरळ होते. वर खणांच्या मापाची जी गोष्ट सांगितली ती इथेही आडवी येते : चिपने माप बदलून सांगितले असेल तर नक्कल पूर्ण होते, पण एसएसडी लॅपटॉपमध्ये गेल्यावर सुरूच होत नाही.

सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. लॅपटॉपमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे काय? नव्या लॅपटॉपमध्ये ते आपल्या नकळत चालू असते. तसे असेल तर ती डिस्क केसिंगमध्ये घातल्यावर ४८ आकडी किल्ली मागते, आणि किल्ली नसेल तर आतला हिशेब मालकालाही मिळत नाही. म्हणून ते आधी बंद करावे, निदान ती किल्ली कागदावर छापून तिजोरीत ठेवावी. दुसरे म्हणजे टॅली वापरत असाल तर त्याचे लायसन्स आधी सरेंडर करून नंतर पुन्हा सुरू करावे, नाहीतर मार्चअखेरीसारख्या गर्दीच्या वेळी ते अडून बसते. टॅलीच्या डेटाचा फोल्डर एका पेनड्राइव्हवर वेगळा उतरवून ठेवावा. नक्कल नीट झाली नाही तर तोच उपयोगी पडतो.

लॅपटॉप उघडताना चार्जर काढावा, पूर्ण बंद करावा, आतल्या बॅटरीची जोडणी सोडवावी आणि आधी कोणत्यातरी धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. नकलेनंतर लॅपटॉप प्रथमच सुरू करताना जुनी डिस्क बाहेरून जोडलेली नसावी. दोघींची ओळखखूण एकच असल्याने विंडोज गोंधळते. आणि जुनी डिस्क निदान महिनाभर जशीच्या तशी ठेवावी, पुसू नये. एखादे पत्र, एखादे डिझाइन नव्या डिस्कवर नाही हे कामात पडल्यावरच कळते.

दुकानात

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की आपल्या गावचे दुकान, डिस्क तिथेच बसवून लावून दाखवायला सांगावे. डिस्कचा पूर्ण आकडा दिसतो काय, हे पाहावे. एक मोठी फाइल उतरवून घड्याळ लावावे. दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून पेटी किती तापते ते हाताने पाहावे. हे करू न देणाऱ्या दुकानातून घेऊ नये. पक्के बिल घ्यावे.

केसिंग व डिस्क वेगळे घेण्याऐवजी तयार बाहेरची डिस्क घ्यावी असे कोणी म्हणेल. घ्यायला हरकत नाही, पण पुष्कळ तयार डिस्कमध्ये यूएसबीची जोडणी डिस्कच्या पाटीवरच असते; ती बिघडली तर आतली डिस्क काढून दुसऱ्या केसिंगमध्ये घालता येत नाही. केसिंगचा हाच मोठा फायदा आहे. बिघडले तर पेटी बदला, डिस्क तीच. आणि फोनवरच्या जाहिरातीत हजार-दोन हजारात १६ टीबीची एसएसडी दिसली तर ती खोटी समजावी. आत छोटे मेमरी कार्ड असते आणि आकडा मोठा दाखवण्याची युक्ती केलेली असते. क्षमता तपासायला एचटूटेस्टडब्ल्यू नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे.

जुनी डिस्क केसिंगमध्ये बसवली की तब्येत वाचून घ्यावी. बदललेल्या किंवा संशयित जागांचा आकडा वाढत असेल तर तिच्यावर नवे काही ठेवू नये. आतले सारे लगेच दुसरीकडे उतरवून तिला निवृत्त करावे. तब्येत ठीक असली तरी सात वर्षे चाललेली डिस्क ही हिशेबाची दुसरी प्रत म्हणून वापरावी, एकमेव प्रत म्हणून नव्हे. खणात वर्षानुवर्षे पडून राहणारी प्रत एसएसडीवर ठेवू नये. वीज न मिळाल्यास, विशेषतः फार वापरलेल्या एसएसडीतली माहिती उन्हाळ्याच्या उष्णतेत कालांतराने जाऊ शकते. त्या कामाला फिरती डिस्कच बरी. चालू असताना ती उचलू नये, आणि वायर ओढण्यापूर्वी पडद्यावरून तिला रीतसर बाहेर काढावे.

आमच्या केसिंगवर आता कागदाची चिठ्ठी डकवलेली आहे. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचा हिशेब, डिस्क कधी बसवली, शेवटची कधी उघडून पाहिली, एवढेच तिच्यावर लिहिले आहे, मराठीत आणि खाली उर्दूत. दर तीन महिन्यांनी ती जोडतो, दोन-चार खाती उघडून पाहतो आणि तारीख घालतो. जुनी वायर आम्ही फेकली नाही; कात्रीने मधोमध कापून खणात ठेवली आहे, म्हणजे घाईगर्दीत कोणी ती पुन्हा लावणार नाही.